पुस्तक सांगा आणि त्याच रात्री हाती द्या

गावातल्या वाचनालयात ‘माझं आवडतं पुस्तक’ असा कार्यक्रम ठेवला की वक्ता कथानक सांगतो, शेवट सांगतो, लेखकाचे पुरस्कार सांगतो. टाळ्या पडतात आणि पुस्तक वक्त्याच्याच पिशवीतून घरी परत जातं. ऐकणाऱ्याला सगळी गोष्ट कळलेली असते, मग तो वाचेल कशाला? खालची पद्धत नेमकी ही अडचण समोर ठेवून मांडली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या गावांत दहा-पंधरा माणसं जमतील अशा बैठकीसाठी ती आहे. बैठक जमली की नाही याचं माप एकच धरा: त्या रात्री किती पुस्तकं दुसऱ्याच्या घरी गेली.

आधी ‘का आवडलं’ ते शोधा

खरं काम इथेच आहे आणि यालाच सगळ्यांत कमी वेळ दिला जातो. ‘छान आहे’, ‘मनाला भिडतं’, ‘प्रत्येकानं वाचावंच’ ही वाक्यं कुठल्याही पुस्तकाला चालतात, म्हणून ती कोणालाच पुस्तकाकडे नेत नाहीत. बैठकीच्या आठ दिवस आधी पुस्तक पुन्हा हातात घ्या, कोरा कागद घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. वाचताना कुठल्या पानावर थांबलो होतो? पुस्तक मिटल्यावर दुसऱ्या दिवशी काय आठवत होतं? आणि वाचून झाल्यावर ते कोणाला द्यावंसं वाटलं?

तिसरं उत्तर सगळ्यांत कामाचं. ‘नुकतंच कॉलेज सोडून शेतीत आलेल्या भाच्याला द्यावंसं वाटलं’ एवढं लिहिलंत की पुस्तक कोणासाठी आहे ते ठरलं, आणि बोलायची दिशाही ठरली. उत्तरं सुचत नसतील तर पुस्तक बदला. आदर वाटतो पण आवडलेलं नाही, असं पुस्तक पुष्कळ जण निवडतात आणि बोलताना ते लगेच उघडं पडतं.

कारणं साधारण चार-पाच जातींची असतात. एखादं माणूस आवडतं, एखादी जागा आवडते, भाषा आवडते, पुस्तकानं नवं काही शिकवलेलं असतं किंवा ते ज्या वयात हाती आलं ते वय त्याला चिकटलेलं असतं. यातलं एकच निवडा. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 साली आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला कॉलेजात जातो. या कादंबरीनं मराठी कादंबरीला वळण दिलं, हे झालं समीक्षकाचं कारण. त्यासाठी लेख आणि प्रबंध आहेत. यावल किंवा शिरपूरच्या बैठकीत ज्याचा मुलगा आज पुण्याच्या होस्टेलवर आहे त्याचं कारण वेगळं असतं, आणि शेजारच्या माणसाला तेच ऐकायचं असतं.

बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांचंही तसंच. त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. अक्षरओळख नव्हती, गाणी तोंडातोंडी होती. 1951 साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, ती पुस्तकात आली. एवढी माहिती अर्ध्या मिनिटात संपवा. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ शोधावे लागतात, आपल्या बायांना लागत नाहीत. हे कारण सांगा, आणि बैठकीतल्या एखाद्या आजीला एक गाणं म्हणायला सांगा. ज्यांना वाचता येत नाही अशी माणसंही मग पुस्तकाच्या बैठकीची होतात.

पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी

सांगणाऱ्या प्रत्येकानं पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर चिठ्ठी तयार करावी. तिच्यावर चार ओळी: पहिलीत पुस्तक, लेखक, प्रकाशक आणि पानं; दुसरीत कोणासाठी; तिसरीत आवडण्याचं कारण एका वाक्यात; आणि चौथीत वाचणारा कुठे अडखळेल ती जागा.

ही चौथी ओळ लिहायला लोक बिचकतात. पुस्तकाची उणी बाजू कशाला सांगायची, असं वाटतं. पण नवखा वाचक पुस्तक सोडतो तो बहुधा पहिल्या पन्नास पानांतच. लांबलचक वंशावळ असते, पात्रांची नावं सारखी असतात, गोष्ट उशिरा सुरू होते. ‘पहिली तीस पानं संथ आहेत, तिथे थांबू नका’ किंवा ‘प्रस्तावना शेवटी वाचा’ एवढं लिहिलेलं असलं की तो त्या जागेवरून पुढे जातो. नाही तर ‘आपल्याला वाचन जमत नाही’ असं म्हणून पुस्तक फळीवर ठेवून देतो, आणि पुढचं पुस्तकही घेत नाही.

चिठ्ठी पुस्तकातच ठेवायची. पुस्तक फिरेल तशी तीही फिरते.

सहा मिनिटं

प्रत्येकाला सहा मिनिटं बोलायला आणि चार मिनिटं प्रश्नांना. पाच जण बोलले की पन्नास मिनिटं होतात. त्यापुढे माणसं चुळबुळायला लागतात. सहा मिनिटांची वाटणी अशी: एक मिनिट पुस्तक आणि ते कोणासाठी, दोन मिनिटं कारण, तीन मिनिटं उतारा. घड्याळ बोलणाऱ्याच्या हाती देऊ नका. समोर बसलेल्या एकानं पाचव्या मिनिटाला हात वर करावा.

कथानक किती सांगायचं? पुस्तकाच्या पहिल्या पंचवीस टक्क्यांत जे घडतं तेवढंच. दोनशे पानांची कादंबरी असेल तर पन्नासाव्या पानापुढचं काही बोलायचं नाही. कवितासंग्रह किंवा माहितीच्या पुस्तकाला ही अडचण नसते.

उतारा निवडणं ही स्वतंत्र कला आहे. मोठ्यानं वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे छापील एका पानाला दोन-अडीच मिनिटं लागतात. त्यामुळे उतारा सव्वा पानापेक्षा मोठा नको. पहिलं पान सहसा चालत नाही, कारण तिथे लेखक अजून मांडामांड करत असतो. शेवटचं तर नकोच. जिथे कोणीतरी काहीतरी करतंय, भांडतंय, निघालंय, लपवतंय अशी जागा शोधा. तिच्यात दोनपेक्षा जास्त नावं आली तर ऐकणारा गोंधळतो. मधलं वर्णन गाळायचं असेल तर पेन्सिलीनं कंसात टाका, पण वाक्यं बदलू नका. ती लेखकाची आहेत. घरी दोनदा मोठ्यानं वाचून या. जिथे जीभ अडखळते तिथे श्वास कुठे घ्यायचा त्याची खूण करून ठेवा.

मोठ्यानं वाचायचा सराव नसेल तर साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’पासून सुरुवात करा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या या लेखकानं हे पुस्तकच रोज रात्री सांगितलेल्या गोष्टींसारखं मांडलं आहे, 42 रात्रींत. वाक्यं छोटी आहेत आणि बोलण्याच्या चालीवर आहेत. गुरुजींचं निधन 1950 सालचं. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे उताऱ्याच्या झेरॉक्स काढून वाटल्या तरी अडचण नाही. हयात लेखकांच्या किंवा ज्यांच्या निधनाला साठ वर्षं झालेली नाहीत अशांच्या बाबतीत असं करू नका. संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं म्हणजे आवडत्या लेखकाचंच नुकसान आहे. मराठीत पुष्कळ आवृत्त्या हजारभर प्रतींच्या निघतात. त्या विकल्या गेल्या नाहीत तर दुसरी आवृत्ती अडते.

उतारा झाला की ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्याला ‘चांगलं वाटलं’ हे एकच उत्तर असतं. ‘यात चूक कोणाची?’ किंवा ‘हे आपल्या गावात घडलं असतं तर?’ असं विचारा. मतं दोन झाली की पुस्तक नेणारे हातही दोन होतात.

बोली

सांगताना अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत, भिलोरीत, जी घरात बोलता तीत सांगा. ‘माले हाई पुस्तक गंज आवडनं’ (मला हे पुस्तक खूप आवडलं) असं म्हणणारा माणूस पुढचं वाक्य मनापासून बोलतो. तोच प्रमाण मराठीत बोलायला लागला की वर्तमानपत्रातली वाक्यं येतात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांना हे विशेष लागू आहे: उतारा मराठीत वाचू द्या, बाकी सगळं घरच्या भाषेत.

वेळ, जागा आणि काय टाळावं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44 अंशांपुढे जातो. दुपारची बैठक ठेवूच नका. उन्हाळ्यात रात्री साडेआठनंतर, शाळेच्या ओट्यावर किंवा देवळाच्या पटांगणात बसा. पोळ्यानंतर कापूस वेचणीला येईपर्यंतचे दिवस चांगले. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्येही वेळ सापडतो. वेचणी जोरात असताना बाया येऊ शकत नाहीत. आठवडे बाजाराचा दिवस आणि श्रावणातला कानबाईच्या उत्सवाचा रविवार-सोमवार टाळा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र एक बैठक ठेवाच. माहेरी आलेल्या लेकी निरनिराळ्या गावांतून आलेल्या असतात, त्यांच्याकडे सांगायला वेगळी पुस्तकं असतात, आणि त्या जी नेतात ती दुसऱ्या गावात पोचतात.

गोल बसा. माइक नको, व्यासपीठ नको. दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आभार यांत पाऊण तास जातो आणि तेवढ्या वेळात चार पुस्तकं सांगून होतात. पाहुण्यांना बोलवायचं असेल तर त्यांनाही सहाच मिनिटं आणि एकच पुस्तक द्या, आणि हे निमंत्रण देतानाच सांगून ठेवा.

कोणाच्या आवडीला हसू नका, दुसऱ्यालाही हसू देऊ नका. कोणी रहस्यकथा आणेल, कोणी पोथी, कोणी केळीवरच्या रोगांचं पुस्तक. रावेर-यावल पट्ट्यात ते केळीचं पुस्तक पहिलं उचललं जाईल, आणि ते योग्यच आहे. एकदा एखाद्याच्या पुस्तकाला नाक मुरडलं गेलं की तो पुढच्या वेळी येत नाही, किंवा दाखवायला म्हणून जाडजूड काहीतरी आणतो.

शाळेतली मुलं बोलणार असतील तर गुरुजींनी किंवा बाईंनी भाषण लिहून देऊ नये. पाठ केलेला सारांश मुलाच्या डोळ्यांतच दिसतो. मुलाला दोन मिनिटं द्या आणि एकच काम सांगा: पुस्तकातलं आवडलेलं चित्र किंवा पान सगळ्यांना दाखव आणि तेच का, ते सांग. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळांत कार्यक्रम होतातच, त्या दिवशी हे सहज बसवता येतं.

पुस्तक हाती देणं

ज्या पुस्तकाची प्रत समोर नाही, त्यावर बोलू देऊ नका. ऐकणाऱ्याची इच्छा त्या रात्रीपुरती असते. ‘मागवून घेतो’ म्हणणारे फार थोडे मागवतात. शक्य असेल तर दोन प्रती आणा. दुसरी प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात शोधा: जळगावला व. वा. वाचनालय, धुळ्याला गरुड वाचनालय, अमळनेरला पूज्य साने गुरुजी ग्रंथालय, आणि तालुक्याच्या गावी बहुधा एखादं अनुदानित वाचनालय असतंच. ग्रंथपालांना पंधरा दिवस आधी यादी द्या आणि एका जबाबदार सभासदाच्या नावावर पुस्तकं मिळतील का ते विचारा. ग्रंथपालांनाच बैठकीला बोलावलं तर आणखी बरं. नवे सभासद त्यांनाही हवे असतात, आणि अनामत-वर्गणीची माहिती ते तिथेच देतात.

बैठकीनंतर अर्धा तास मोकळा ठेवा. चहा याच वेळी द्या, आधी नाही. पुस्तकं सतरंजीवर दर्शनी बाजू वर करून मांडा. चळत लावली तर खालचं कोणी उचलत नाही. एका वहीत रकाने आखा: तारीख, पुस्तक, कोणाचं, कोणी नेलं, मोबाइल, परत कधी, परत आलं. मुदत तीन आठवडे. एकाच पुस्तकावर तिघांची नजर असेल तर क्रम वहीतच लिहा. पहिल्यानं दुसऱ्याला परस्पर देऊ नये, पुस्तकं तिथेच हरवतात. वडिलांची सही असलेली किंवा आता बाजारात न मिळणारी प्रत दाखवायला आणा, द्यायला नको. रुसवे बहुतेक अशाच प्रतींवरून होतात.

देण्याआधी वर खाकी कव्हर घाला. गोंदानं चिकटवलेल्या बांधणीची पुस्तकं आपल्याकडच्या उन्हाळ्यात कणा पिचून पानं सोडतात, म्हणून पुस्तक उलटं मुडपू नये, गाडीच्या डिकीत ठेवू नये, एवढं नेणाऱ्याला तोंडीच सांगा. पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेल्या पुस्तकांना वाळवी लागते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि महिन्यातून एकदा पुस्तकं हलवा.

पुस्तक परत येईल तेव्हा आणणाऱ्याला फक्त ‘कुठल्या पानावर थांबलात?’ एवढंच विचारा आणि तो जे सांगेल ते वहीत शेवटच्या रकान्यात लिहून घ्या. अर्धवट सोडलं असेल तर तेही लिहा, सोडलेल्या पानाच्या आकड्यासह. तीन जणांनी एकाच जागी सोडलं असेल तर चिठ्ठीवरची चौथी ओळ बदलायला हवी. ज्याच्या उत्तराला दोन ओळी लागल्या, पुढच्या बैठकीत बोलायला त्याचं नाव सगळ्यांत आधी घ्या.