शाळेत चित्रांची कार्यशाळा घेताय? या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका शाळेत पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी फळ्यावर झोकात तुळशी वृंदावन काढलं. तासाभराने हातात बत्तीस वृंदावनं आली, सगळी माझीच, फक्त जरा वाकडी. एक मुलगी "सर, म्हजें चुकलें" म्हणत खोडरबर घासत बसली होती. कागदाला भोक पडलं तरी थांबेना. चूक तिची नव्हती. फळ्यावर नमुना आला की पोरं स्वतःचं बघणं सोडतात आणि आपला हात गिरवायला लागतात.

तेव्हापासून फळा कोरा ठेवतो आणि सुरुवातीलाच खोडरबर गोळा करून घेतो. चतुर्थीच्या सुमारास विचारतो, तुमच्या घरच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, कुठली फळं-पानं बांधतात? मग कांगलां, आंबाडे, कवंडळ, सुपारीचे घोस अशी नावं सुटतात, एकमेकांत वादही होतात. दोन घरांची माटोळी सारखी नसते, त्यामुळे चित्रंही सारखी होत नाहीत. वर्गात ख्रिस्ती मुलं असतील तर २४ जूनच्या सांजावची (सेंट जॉनच्या सणाची), डोक्यावरच्या कोपेलांची, म्हणजे फुलापानांच्या मुकुटांची गोष्ट काढा. आणि बोला कोंकणीतच. माध्यम मराठी असलं तरी मधल्या सुट्टीतली भाषा ती आहे.

वेळेचा हिशेब पाहुण्या कलाकाराचा हमखास चुकतो. ३५ मिनिटांच्या दोन तासिका मिळाल्या तर बसायला-वाटायला दहा मिनिटं जातात, हात-ब्रश धुवायला पंधरा. उरली पंचेचाळीस. नळ व्हरांड्याच्या टोकाला असेल तर आणखी कमी. पाण्यासाठी करवंट्या नेऊ नका. फोटोत छान दिसतात, पण बाकावर हटकून कलंडतात.

पावसाळ्यात पोस्टर कलर नेण्याआधी दोनदा विचार करा. हवा दमट, रंग वाळत नाही आणि कागदांची चळत केली की एकाचं आभाळ दुसऱ्याच्या पाठीला चिकटतं. रंग पातळ लावायला सांगा, दोरी आणि चिमटे सोबत ठेवा. नाहीतर सरळ ऑइल पेस्टल न्या.

कावी कलेचा मोह मात्र सगळ्यांना होतो, मलाही झाला. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे लाल माती, घातलेला थर देऊन तो कोरलेला असतो, खालचा पांढरा दिसू लागतो. पण खरा चुना पोरांच्या हातात देऊ नका. त्वचा भाजते, डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. जाड कागदावर पांढरं ऑइल पेस्टल दाबून फासायचं, वर विटकरी पोस्टर कलर, त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब. वाळला की माडाच्या हिराने, म्हणजे खराट्याच्या काडीने, कोरायचं. रंग पसरण्याऐवजी त्याचे थेंब होत असतील तर पाणी जास्त झालंय किंवा साबण कमी पडलाय. पापुद्रे सुटत असतील तर थर जाड आहे. कोरताना कागद फाटला तर हिराचं टोक फरशीवर घासून बोथट करा. पहिल्या खेपेला मी साबण विसरलो होतो. पेस्टलवर रंग टिकेना आणि वर्गभर लाल बोटांचे ठसे उमटले, शिक्षिकेच्या साडीवरसुद्धा.

त्याच शिक्षिकेशी आधी दहा मिनिटं बोललो असतो तर बरं झालं असतं. एका मुलाने म्हैस जांभळी काढली आणि बाईंनी प्रेमाने काळा खडू पुढे केला. मुलाने घेतला. आता वर्गात शिरण्यापूर्वीच विनंती करतो, आज रंग सुधारायचा नाही. बहुतेक शिक्षक हसून मान्य करतात. काही जण तर स्वतःच कागद घेऊन मागच्या बाकावर बसतात, तेव्हा पोरांचं अवघडलेपण झटक्यात पळतं.

नाव मात्र रंगाला हात लावण्याआधीच कागदामागे पेन्सिलीने लिहून घ्या. बत्तीस लाल कागदांतला आपला कुठला यावरून मी हातघाई पाहिलेली आहे.