खऱ्या बातमीपासूनही सांभाळून

माझी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर, मथळे लावण्यात गेली. लोक "बातमी खरी की खोटी?" एवढंच विचारतात, त्याची मला गंमत वाटते. खोटी बातमी निदान पकडता तरी येते. मत फिरवायला खरी बातमीही पुरते.

समजा, मोर्चात दगडफेक झाली, लाठीमार झाला, दहा जण जखमी झाले. एक मथळा: 'मोर्चाला हिंसक वळण, पोलिसांचा सौम्य लाठीमार'. दुसरा: 'आंदोलकांवर लाठीमार, दहा जखमी'. चूक एकातही नाही, पण मजकुरात शिरण्याआधीच वाचकाची बाजू ठरलेली असते. म्हणून बातमी वाचून झाली की कोणी, कोणाला, काय केलं आणि त्याआधी काय घडलं, एवढंच कागदावर उतरवा. विशेषणं सरळ गाळा. लाठीमार 'सौम्य' होता हे मार खाणाऱ्याने थोडंच सांगितलेलं असतं! जे रकाने रिकामे राहतील, ते दुसऱ्या बातमीत शोधा.

आकडा दिसला की उलटा करून वाचा. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये 600 जणांच्या जिवावर बेतलेल्या काल्पनिक साथीचा प्रश्न विचारला. 'नक्की 200 वाचतील' म्हटल्यावर 72 टक्क्यांनी तो उपाय निवडला. तोच उपाय 'नक्की 400 मरतील' असा मांडला, तेव्हा फक्त 22 टक्क्यांनी.

सकाळी फोन हातात घेण्याआधी स्वतःच्या तीन काळज्या लिहा, रात्री पुन्हा लिहा. रात्रीची यादी दिवसभराच्या बातम्यांशी जुळत असेल, तर काय महत्त्वाचं ते दुसऱ्याने ठरवलं. 1968 च्या अमेरिकी निवडणुकीत मॅककॉम्ब्स आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांना हेच दिसलं: मतदारांना महत्त्वाचे वाटणारे प्रश्न आणि माध्यमांनी लावून धरलेले प्रश्न यांचा क्रम जवळजवळ एकच होता.

फॉरवर्ड वाचून "हे ऐकलंय कुठेतरी" वाटलं, तर तिथेच थांबा. वारंवार कानावर पडलेलं खोटंही खरं वाटू लागतं.

टीव्हीचं म्हणाल, तर आवाज बंद करून पाच मिनिटं बघा. तीच चित्रफीत किती वेळा फिरते ते मोजा. मग डोळे मिटून नुसता आवाज ऐका: संगीत कधी चढतं, कोणाला मध्येच तोडतात, कोणाला बोलू देतात. आणि हा प्रयोग आपल्या आवडत्या वाहिनीवर करा. नावडतीवर तो सगळ्यांनाच जमतो.