हँडओव्हर घेताना: तेलक्षेत्र सेवा कंपनीतील पहिल्या वर्षाविषयी

तेलक्षेत्रात सेवा पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीत फील्ड इंजिनिअर म्हणून रुजू होणाऱ्यांना रोटेशन, रात्रपाळ्या आणि घरापासूनचा दुरावा यांची कल्पना असतेच. पैशांबद्दल मात्र एक सांगतो. हातात येणाऱ्या रकमेचा बराच भाग फील्ड बोनसचा असतो आणि तेलाचा भाव कोसळून रिग थांबल्या की तो बंद होतो. २०१४ नंतरच्या मंदीत आणि पुन्हा २०२० मध्ये या क्षेत्रातील असंख्य लोकांच्या नोकऱ्याही गेल्या, म्हणून कर्जाचा हप्ता मूळ पगाराकडे पाहूनच ठरवा.

मी फसलो तो हँडओव्हरमध्ये, म्हणजे आधीच्या क्रूकडून काम ताब्यात घेताना. वायरलाइन लॉगिंगच्या (केबलला लावलेले मोजमापाचे टूल विहिरीत उतरवून खडकांची माहिती घेण्याच्या) कामावर मी पहाटे पोहोचलो, तेव्हा आधीच्या क्रूने टूल जोडून ठेवले होते. 'सगळे तपासले आहे' एवढे ऐकून मी चेकलिस्टवर सही केली. टूल खाली उतरत असताना सिग्नल गेला. वर काढून जोड उघडला, तर आतून ड्रिलिंग मड (विहीर खोदताना तिच्यात भरलेला जड द्रव) ओघळले. त्या जोडातील ओ-रिंग, म्हणजे द्रव आत शिरू न देणारी रबरी कडी, जुनीच होती आणि तिला नखाएवढी चीर होती.

ही चीर किरकोळ वाटते, म्हणूनच सविस्तर सांगतो. ३,००० मीटर खोलीवर नुसत्या पाण्याचाच दाब सुमारे ३०० बार भरतो आणि मड पाण्यापेक्षा जड असते. टूल १७५ अंश सेल्सिअस आणि २०,००० पीएसआयसाठी (सुमारे १,३८० बार) बनवलेले असले, तरी ती क्षमता प्रत्येक जोडातील रिंग शाबूत असेपर्यंतच खरी असते. रिग खोळंबली, क्लायंटने त्या वेळेचा हिशेब मागितला आणि अहवालात नाव माझे आले, कारण सही माझी होती. त्यात अन्याय झाला असे मला आजही वाटत नाही. 'तपासले आहे' हे वाक्य ऐकून सही करू नका. जोड उघडायला लावा, मग कंपनी मॅन (रिगवरचा क्लायंटचा प्रतिनिधी) कितीही घाई करो.

काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो असे प्रशिक्षणात शिकवतात, पण पहाटे तीन वाजता तो वापरणे फार जड जाते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. त्या दिवशी निगेटिव्ह प्रेशर टेस्टच्या (विहिरीतला दाब कमी करून बाहेरून काही आत शिरते का हे पाहण्याच्या चाचणीच्या) वेळी ड्रिल पाइपवर दाब दिसत होता, तरीही चाचणी यशस्वी मानली गेली होती. नको असलेल्या आकड्याला सोयीचे कारण शोधण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, त्यामुळे तो तुम्हाला झाला तर घाबरून जाऊ नका. फक्त त्या वेळी टूलची केबल सोडणारी विंच थांबवा.

मेंटॉर निवडायची संधी मिळाली, तर माझे स्पष्ट मत आहे की मागच्या विहिरीची तयार फाइल हातात ठेवून 'आकडे बदल, झाले' म्हणणाऱ्या सीनिअर इंजिनिअरपेक्षा जुन्या ऑपरेटरच्या शेजारी उभे राहावे. त्या घटनेनंतर पहिले काही आठवडे मला रिगवर जाण्याचीच भीती वाटत होती. अशा एका ऑपरेटरने मला काढलेल्या जुन्या रिंग डब्यात जमा करायला शिकवले. नव्या रिंग जितक्या बसवल्या, तितक्याच जुन्या डब्यात मोजून भरल्याशिवाय तो टूल उचलू देत नसे. आता मीही देत नाही.