आपल्या तालुक्यातील देवीच्या लसीकरणाचा इतिहास कसा शोधावा

लसीकरणाचा स्थानिक इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने आरंभी देवी हा एकच रोग घ्यावा. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली तेव्हापासून १९७५ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण सापडेपर्यंतचा हा प्रवास कागदोपत्री नोंदलेला आहे, आणि त्याच्या उत्तरार्धाचे साक्षीदार अजून आपल्यात आहेत.

प्रथम मुंबई इलाख्याच्या जुन्या जिल्हा गॅझेटियरमधील (जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथातील) आरोग्याचे प्रकरण वाचावे. तेथील लसटोचणीच्या आकड्यांत पहिल्यांदा टोचलेले आणि पुन्हा टोचलेले असा भेद केला असेल, तर तो जपून उतरवून घ्यावा, कारण पुढचा सारा अर्थ त्यावर अवलंबून आहे. १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तीन वर्षांत ८० टक्के लोकसंख्येला लस देण्याचे लक्ष्य होते. टोचण्यांची संख्या प्रचंड वाढली. तरीही साथी थांबल्या नाहीत, कारण शाळेत सहज सापडणाऱ्या मुलांनाच पुन्हा पुन्हा टोचले जाई आणि तान्ही बाळे, स्थलांतरित मजूर मात्र राहून जात. म्हणून केवळ एकूण आकड्यावर विसंबून कार्यक्रम यशस्वी ठरवणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते.

त्यानंतर १९७३ पासूनच्या शोधमोहिमांकडे वळावे. देवीने ग्रासलेल्या बालकाचे चित्र असलेले कार्ड घेऊन कर्मचारी शाळांत, बाजारांत आणि घरोघरी विचारणा करीत. रुग्ण आढळताच त्याच्या संपर्कातील व आसपासच्या सर्वांना लस देत. शेवटी तर रुग्ण कळवणाऱ्यास १००० रुपयांचे बक्षीस होते. रोग हटला तो या पाठलागामुळे.

मुलाखतींसाठी १९७५ पूर्वी जन्मलेल्यांना गाठावे. ‘लसीकरण झाले होते का?’ असे विचारण्याऐवजी, देवीची लस टोचणे यासाठी रूढ असलेला शब्दप्रयोग वापरून ‘देवी कुठे काढल्या, घरी की शाळेत? कितीदा? घरच्यांचा विरोध होता का?’ असे विचारावे. देवीच्या रोगाशी जोडलेल्या शीतलादेवीवरील श्रद्धेविषयी कोणी बोलू लागल्यास मध्येच दुरुस्ती करू नये. विरोधाची खरी कारणे अशाच बोलण्यातून उमगतात. संमतीने दंडावरचे व्रण पाहावेत, मात्र बीसीजीचा (क्षयरोगाच्या लशीचा) व्रणही तेथेच असतो, त्यामुळे केवळ व्रणावरून निष्कर्ष न काढता जन्मवर्ष आणि टोचल्याची आठवण शेजारीशेजारी नोंदवावी.