पुण्याच्या नकाशातले थर एकमेकांवर बसत नसतील तर आधी काय तयार ठेवायचं

मूळ फाइलींची प्रत आधी बाजूला काढा. शेपफाइल (नकाशाचा थर साठवणारा फाइलींचा संच) असेल तर .एसएचपीसोबत .डीबीएफ, .एसएचएक्स आणि .पीआरजेही हवी. सीआरएस (थराचे आकडे पृथ्वीवर कुठे बसतात ते ठरवणारी पद्धत) .पीआरजेत असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फाइली पाठवताना नेमकी तीच राहून जाते. मागून घ्या, अंदाजाने काम सुरू करू नका.

आता प्रत्येक थराचा मूळ सीआरएस कागदावर लिहा. क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) दाखवतं त्यावर विसंबू नका, एक्स्टेंटचे (थराच्या कडांचे) आकडे वाचा. ७३.८५ आणि १८.५२ म्हणजे अंश, बहुधा ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी म्हणजे सीआरएसचा कोड, ४३२६ अक्षांश-रेखांशांचा). पूर्वेकडे सुमारे ३ लाख ७९ हजार, उत्तरेकडे २० लाख ४८ हजार असेल तर यूटीएम ४३ उत्तर (मीटरमध्ये मोजणारा झोन), म्हणजे ३२६४३. ८२ लाख आणि २१ लाख असेल तर वेब मर्केटर (ऑनलाइन नकाशांचा सीआरएस), ३८५७. पूर्वेचा आकडा दहा लाखांच्या वर गेला असेल तर कुणीतरी शेजारचा ४२ झोन वापरलाय. आणि आकडे १०००, १००० च्या आसपास असतील तर तो टोटल स्टेशनचा (मोजणीच्या यंत्राचा) लोकल ग्रिड. त्याला कुठलाही कोड लावून उपयोग नाही, जिओरेफरन्सर (ओळखीचे बिंदू जुळवून थर जागेवर बसवणारं साधन) लागेल.

‘सेट लेयर सीआरएस’ला हात लावण्याआधी थांबा. त्याने फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात. ४३२६ च्या थरावर ३२६४३ चं लेबल लावलंत की पुणे विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात जातं. सीआरएस बदलून हवा असेल तर एक्स्पोर्ट करा किंवा ‘रीप्रोजेक्ट लेयर’ वापरा. लेबल फक्त तेव्हाच लावा, जेव्हा मूळ लेबल नाही किंवा चुकीचं आहे आणि खरं काय ते तुमच्या कागदावर लिहिलेलं आहे. कागदावर नसेल तर लावू नका.

मग थर किती सरकलाय ते मोजा. नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळ बिंदू दिसले तर सीएसव्हीत (आकड्यांच्या तक्त्याच्या फाइलीत) अक्षांश-रेखांश उलटे गेलेत. एक्समध्ये रेखांश हवा. साधारण शंभर मीटरचा फरक असेल तर डेटम (सीआरएस पृथ्वीचा जो आकार आणि जागा धरून चालतो तो) तपासा. ४७ एफ/१४ सारखी जुनी टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा) एव्हरेस्ट या जुन्या डेटमवर असते, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर नाही. रूपांतराचे पर्याय विचारले तर भारतासाठीचा निवडा. ‘बॅलपार्क’ लिहिलेला मुळीच नको, तो डेटमचा फरक सोडून देतो. चार-पाच मीटरचा फरक बहुतेक वेळा सीआरएसचा नसतो, उपग्रहचित्राचा किंवा हातातल्या जीपीएसचा असतो. तिथे लेबलं बदलत बसलात तर बरोबर असलेलं बिघडेल.

तपासायला लकडी पुलाची दोन्ही टोकं घ्या. मुठेच्या पाण्याची कड नको, खडकवासल्याच्या विसर्गाप्रमाणे ती हलते.

जिओरेफरन्सिंगला किमान चार बिंदू, कोपऱ्यांत पसरलेले. प्रोजेक्टचा सीआरएस ३२६४३. लेबल पुन्हा एकदा कागदाशी ताडून पाहा. जिओपॅकेजमध्ये (सगळं एकाच फाइलीत ठेवणारा प्रकार) सेव्ह, फाइलच्या नावात कोड.