पार्किन्सनच्या रुग्णाला घाम येतो तेव्हा : या चुका टाळा

पार्किन्सनच्या रुग्णाला दरदरून घाम सुटला की नाशिकच्या घरांत आधी उन्हाला बोल लावला जातो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे ते पटतेही. परंतु निफाडच्या द्राक्षबागांत थंडीपासून घड वाचवण्यासाठी शेकोट्या पेटलेल्या असताना त्याच रुग्णाचा सदरा पहाटे ओलाचिंब होत असेल, तर कारण हवामानात नाही. या आजारात घाम, रक्तदाब आणि आतड्यांची हालचाल आपोआप सांभाळणारी स्वायत्त चेतासंस्थाही बिघडते. त्यामुळे चेहरा, डोके आणि छाती-पाठीवर घाम वाढतो, तर तळहात-तळपाय कोरडे राहू शकतात.

घाम आला की पंखा वाढवायचा आणि घड्याळाकडे मात्र पाहायचे नाही, ही मला सर्वांत महाग पडणारी चूक वाटते. लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाच्या गोळीचा प्रभाव ओसरू लागला, म्हणजेच ‘ऑफ’ काळ सुरू झाला की अनेकांना घाम फुटतो. पहाटेचा घाम बहुधा रात्रीच्या शेवटच्या गोळीचा प्रभाव संपल्याची खूण असतो. उलट, प्रभाव शिगेला असताना अंगाची अनावर वळवळ होते आणि तेव्हाही घाम येतो. पहिल्या प्रकारात दोन गोळ्यांमधले अंतर कमी करावे लागते, दुसऱ्यात मात्रा कमी करण्याचा विचार होतो, आणि नुसते ‘फार घाम येतो’ एवढेच सांगितले तर डॉक्टरांना यातले काय ते कळत नाही. म्हणून आठवडाभर गोळीची, जेवणाची आणि घामाची वेळ वहीत लिहावी, त्या वेळी अंग ताठरले होते की वळवळत होते तेही नोंदवावे, आणि ती वही मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावी.

या वहीतून जेवणाच्या चुकाही उघड होतात. प्रथिनांमुळे लेव्होडोपाचे शोषण अडते, म्हणून गोळी सहसा जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेण्यास सांगतात. रविवारी सकाळची गोळी मटकीच्या मिसळीबरोबर घेतली आणि वर दह्याची वाटी संपवली, तर गोळीचा प्रभाव उशिरा सुरू होईल. झणझणीत रश्शाचा घाम निराळा, तो निरोगी माणसालाही सुटतो. मिसळ सोडण्याची गरज नाही. गोळी आधी घ्यावी.

कवचबीजाचे चूर्ण ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून डॉक्टरांना न सांगता चालू करणे धोक्याचे आहे, कारण त्या बियांत लेव्होडोपाच असते आणि एकूण मात्रा नकळत वाढते. त्याहून गंभीर म्हणजे घामाला कंटाळून गोळ्या एकदम बंद करणे. त्यातून तीव्र ताप, कमालीचा ताठरपणा आणि संभ्रम उद्भवू शकतो आणि जीवावर बेतू शकते.

वारंवार लघवीला उठावे लागते म्हणून पाणी तोडू नये. घामाने आधीच पाणी गेलेले असते. आणखी कमी प्यायल्यास उभे राहताना रक्तदाब घसरून रुग्ण पडतो, बद्धकोष्ठही वाढते. रात्रीची अडचण असेल तर दिवसा जास्त प्यावे.

घाम येतच नसेल तर निश्चिंत होऊ नये. कंप आणि लाळ कमी करण्यासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सीफेनिडिल घाम अडवते. असा रुग्ण मे महिन्यात दुपारी रविवार कारंजावर खरेदीला गेला तर उष्माघाताचा धोका वाढतो. सुती, सैल कपडे आणि ओला रुमाल यांचा उपयोग होतो. टाल्कम पावडरचा थर मात्र घामात कालवून त्वचेच्या घड्यांमध्ये चिकटतो.

प्रत्येक घाम पार्किन्सनच्या खात्यावर टाकणे हीही चूकच. वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल तर क्षयरोग आणि थायरॉइडची तपासणी करावी. मधुमेही व्यक्तीला अचानक घाम फुटला तर लगेच साखर मोजावी. थंडगार घामासोबत छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर वहीत नोंद करत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.