बंद पडलेला जपानी गेम मालवणात चालवायचा तर

कॅपकॉम कंपनीने 'मॉन्स्टर हंटर फ्रंटियर' हा ऑनलाइन गेम डिसेंबर २०१९ मध्ये बंद केला. आज तो चाहत्यांनी लिहिलेल्या 'एरुपे' सर्व्हरवर खेळता येतो, आणि हा सर्व्हर घरच्या पीसीवर चालवता येतो. हक्क कंपनीचेच आहेत, म्हणून खेळणाऱ्यांकडून पैसे घेऊ नका.

आधी भाषा. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर सिस्टम लोकेल (युनिकोड नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमची भाषा) जपानी करा, बाजूची यूटीएफ-८ ची टिक काढा आणि रीस्टार्ट करा. टिक राहिली तर अक्षरांचा चुराडा होतो, कारण हा गेम जपानी अक्षरं साठवायची जुनी शिफ्ट-जेआयएस पद्धत वापरतो. त्याच पीसीवर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधलं मराठी काम असेल तर तेही बिघडू शकतं. गेमसाठी वेगळा पीसी बरा.

सर्व्हरला खेळाडूंची माहिती साठवायला पोस्टग्रेस डेटाबेस लागतो. तो एसएसडीवर ठेवा, पेनड्राइव्हवर नको. पावसात लाइट किती वेळा जाते ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको, म्हणून पीसी आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या आणि रोज रात्री डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) दुसऱ्या डिस्कवर काढा.

घरी चालतं, पण वेंगुर्ल्याचा मित्र जोडला जात नाही? राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलाय. कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. अशा वेळी सगळ्यांनी टेलस्केल हे दूरचे पीसी एका खासगी नेटवर्कात जोडणारं ॲप टाकायचं. मग सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये होस्ट म्हणून टेलस्केलचाच पत्ता द्या. तिथे घरातला १९२.१६८ वाला राहिला, तर लॉगिन होऊनही मित्र पुढे अडकतो.